कच्चा माल, पक्के बिल

माझे भांडण कच्च्या सॉफ्टवेअरशी नाही, हे आधीच सांगून टाकतो. लिनक्सवाला लिहायला बसला की तो कंपन्यांच्या नावाने बोटे मोडणार, विंडोजच्या चुकांचा पाढा वाचणार आणि शेवटी आपलीच पाठ थोपटून घेणार, अशी वाचकांची समजूत असते, आणि ती अगदीच निराधार नाही. पण चुका लिनक्समध्येही असतात. माणसाने लिहिलेल्या आज्ञावलीत चूक राहणारच. ज्याने आयुष्यात वीस ओळींची का होईना आज्ञावली लिहिली आहे, तो हे नाकारणार नाही. कच्चा माल कच्चा म्हणून दाखवून दिला तर तो सचोटीचा धंदा झाला. तोच माल पक्का म्हणून विकला, त्यातली खोट शोधण्याचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारले, खोट सापडल्यावर ती दडवली आणि बिल मात्र पक्के फाडले, तर त्या व्यवहाराला आमच्या बेळगावच्या बाजारात जे नाव आहे ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. गेल्या तीस वर्षांत सॉफ्टवेअरचा धंदा पहिल्या व्यवहाराकडून दुसऱ्याकडे कसा सरकला आणि त्याची झळ आपल्यासारख्या सीमेवरच्या मराठी माणसाला अधिक का लागते, एवढेच मला सांगायचे आहे.

मी पेशाने छापखानेवाला. खिळे जुळवण्याच्या काळात या धंद्यात आलो, मग संगणकावरची जुळणी आली, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस संगणकविषयक इंग्रजी मासिकांबरोबर मिळणाऱ्या सीडींमधून लिनक्स माझ्या टेबलावर आले ते कायमचे. त्यामुळे सॉफ्टवेअरच्या ‘बीटा’ आवृत्तीकडे मी छापखान्याच्या डोळ्यांनी पाहतो. बीटा म्हणजे प्रूफ. आणि प्रुफाचे काही अलिखित कायदे असतात. कोणताही जुना मुद्रितशोधक ते झोपेतसुद्धा सांगेल. पहिला कायदा, प्रूफ हे प्रूफ आहे हे वाचणाऱ्याला ठाऊक असते. दुसरा, त्याच्या शेजारी लेखकाचे हस्तलिखित ठेवलेले असते. नाहीतर चूक लेखकाची की जुळाऱ्याची हे कळणार कसे? तिसरा, त्याने समासात केलेल्या खुणा कुणी पुसत नाही. दुसरे प्रूफ निघाले की त्या एकेक पडताळून पाहिल्या जातात. आणि चौथा, ‘छापा’ असा शेरा पडल्याशिवाय फर्मा यंत्रावर चढत नाही. इतके करूनही चूक राहते. मग आम्ही शुद्धिपत्र छापतो. पान अमुक, ओळ तमुक, असे लिहून छापतो. लाज वाटते, तरीही छापतो.

या चार कायद्यांवर लिनक्स आणि कंपन्या अशा दोघांनाही घासून पाहू.

लिनस टोरवाल्ड्स हा हेलसिंकी विद्यापीठातला २१ वर्षांचा विद्यार्थी. आपण एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे त्याने २५ ऑगस्ट १९९१ रोजी जाहीर केले आणि सप्टेंबरात तिची पहिली प्रत लोकांपुढे ठेवली. त्या प्रतीचा क्रमांक होता ०.०१. सारा प्रामाणिकपणा त्या आकड्यातच आहे. ‘हे अजून एकसुद्धा झालेले नाही, एकाचा शंभरावा भाग झाले आहे, ज्याला हौस असेल त्याने हात घालावा’, असे तो आकडा सांगतो. १.० हा क्रमांक द्यायला मार्च १९९४ उजाडला. मधली अडीच वर्षे जगभरच्या हौशी लोकांनी ती कच्ची प्रत चालवली, मोडली, दुरुस्त केली. १९९२ मध्ये टोरवाल्ड्सने रिचर्ड स्टॉलमन यांचा जीपीएल हा परवाना स्वीकारला. त्या परवान्याचा मथितार्थ असा की, ज्याच्या हाती प्रत पडली त्याला मूळ आज्ञावलीही मिळाली पाहिजे, आणि ती बदलण्याचा व वाटण्याचा हक्कही. म्हणजे हस्तलिखित शेजारी ठेवणे ही मेहेरबानी राहिली नाही, तो वाचणाऱ्याचा अधिकार झाला.

पुढे बरीच वर्षे लिनक्सच्या कर्नलची एक साधी खूण होती. आवृत्तीच्या क्रमांकातला दुसरा आकडा विषम असेल तर माल कच्चा, सम असेल तर पक्का. २.३ प्रयोगाची, २.४ कामाची. २००३ च्या डिसेंबरात आलेल्या २.६ नंतर ही रीत सुटली, पण तिच्यामागचे तत्त्व सुटले नाही. आज साधारण नऊ-दहा आठवड्यांनी नवा कर्नल येतो. पहिले दोन आठवडे नवे काम आत घेतात, मग दार बंद होते, आणि दर आठवड्याला एक प्रूफ निघते. त्यावर ‘आरसी १’, ‘आरसी २’ असे चक्क लिहिलेले असते. सहसा सात प्रुफे होतात. समाधान झाले नाही तर आठवे काढतात.

इयान मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या डेबियनने तर तीन फडताळेच केली आहेत. एकावर ‘अनस्टेबल’, दुसऱ्यावर ‘टेस्टिंग’, तिसऱ्यावर ‘स्टेबल’. अनस्टेबलचे लाडके नाव ‘सिड’. ‘टॉय स्टोरी’ या चित्रपटात शेजारच्या घरातला जो मुलगा खेळणी मोडतो त्याचे हे नाव. ज्याने हे फडताळ उघडले त्याला, ‘बाबा रे, तुझे खेळणे मोडणार आहे’, एवढा इशारा नावातच मिळतो. डेबियनची तक्रारवही साऱ्या जगाला खुली आहे. कुणी, कधी, कोणती चूक दाखवली, कुणी काय उत्तर दिले, चूक दुरुस्त झाली की लोंबकळली, सगळे तिथे वाचायला मिळते. आणि ‘छापा’ हा शेरा? जुलै २००२ नंतरची पक्की आवृत्ती यायला जून २००५ उजाडला. जवळजवळ तीन वर्षे. लोक हसले, कंटाळले, काही सोडूनही गेले. पण फर्मा तयार नव्हता आणि त्यांनी तो यंत्रावर चढवला नाही. मला या हट्टाचे कौतुक वाटते, कारण दिवाळीच्या आदल्या आठवड्यात ‘चालतंय हो, चढवा’ म्हणणारे संपादक मी पुष्कळ पाहिले आहेत.

आता कंपन्यांकडे वळू. त्यांनीही प्रुफे वाटली नाहीत असे नाही. १९९५ मध्ये विंडोज ९५ बाजारात येण्यापूर्वी मायक्रोसॉफ्टने तिची चाचणी-प्रत हौशी ग्राहकांना दिली, पण सुमारे वीस डॉलर घेऊन. ॲपलने सप्टेंबर २००० मध्ये मॅक ओएस एक्सची सार्वजनिक बीटा २९.९५ डॉलरला विकली. ती काही महिन्यांनी आपोआप मुदतबाह्य होणार होती. ज्यांनी नंतर पूर्ण आवृत्ती घेतली त्यांना तेवढी सूट मिळाली, हे खरे. तरी प्रूफ वाचणाऱ्याकडूनच पैसे घ्यावेत ही कल्पना आमच्या छापखान्यात कधी कुणाला सुचली नाही. पण निदान खोक्यावर खरे नाव होते. पहिला कायदा पाळला गेला. पुढे ते नावही स्वस्त झाले. गूगलच्या जीमेलवर एप्रिल २००४ पासून जुलै २००९ पर्यंत ‘बीटा’ ही पाटी होती. कोट्यवधी लोक ज्यावर आपला पत्रव्यवहार करतात ते पाच वर्षे प्रूफच असेल, तर त्या शब्दाला अर्थ काय उरला?

खरा फरक पडला तो घरोघरी इंटरनेट आल्यावर. पूर्वी सॉफ्टवेअर सीडीवर छापून जाई. एकदा प्रत गेली की गेली. म्हणून छापण्यापूर्वी कंपनीला घाम फुटत असे. आता छापून विकलेली प्रतही दूरवरून दुरुस्त करता येते. सोय उत्तमच आहे. पण त्या सोयीचा परिणाम असा झाला की, नंतर दुरुस्त करता येते म्हणून आधी दुरुस्त करण्याची निकड संपली. शुद्धिपत्र दर महिन्याला निघू लागले, आणि ते नाकारण्याची सोय गिऱ्हाइकाला उरली नाही.

याचे एक उदाहरण सविस्तर सांगण्यासारखे आहे. मायक्रोसॉफ्टने २०१४ च्या सुमारास ‘विंडोज इनसायडर’ ही योजना सुरू केली. लाखो लोक स्वखुशीने नव्या आवृत्त्या आधी चालवून पाहू लागले. २ ऑक्टोबर २०१८ रोजी विंडोज १० ची नवी आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली, आणि काही लोकांच्या दप्तरातल्या फायली तिने पुसून टाकल्या. छायाचित्रे, हिशेब, लेखन, सारे. चार दिवसांत कंपनीला ती आवृत्ती मागे घ्यावी लागली. ती पुन्हा यायला १३ नोव्हेंबर उजाडला. कंपनीने सांगितले की ही तक्रार दहा हजारांत एखाद्याचीच होती. पण पुढे जे बाहेर आले ते अधिक बोलके होते. फायली नाहीशा होतात ही तक्रार चाचणी करणाऱ्यांनी काही महिने आधीच नोंदवली होती. तिला इतरांची ‘मते’ फारशी मिळाली नव्हती, म्हणून ती ढिगाऱ्यात खाली राहिली. मुद्रितशोधकाने समासात खूण केली होती. छापखान्याने खुणा मोजल्या, वाचल्या नाहीत.

नंतर कंपनीने तक्रार नोंदवताना तिची तीव्रता सांगण्याची सोय केली. चांगले केले. पण मूळ दुखण्याला हात लागला नाही. त्या इनसायडर मंडळींच्या शेजारी हस्तलिखित नव्हतेच. चूक दिसली तर ओरडायचे, एवढेच त्यांच्या हाती. आत डोकावून ‘ही बघा ती ओळ’ असे दाखवण्याची त्यांना मुभा नव्हती. डोळ्यांवर पट्टी बांधून प्रूफ वाचायला लावायचे आणि वर ‘आमच्याकडे लाखो मुद्रितशोधक आहेत’ म्हणून मिरवायचे, यातली गंमत ज्याची त्याने ओळखावी.

पट्टी असली आणि नसली तर काय फरक पडतो, हे २०२४ या एकाच वर्षाने दोन घटनांतून दाखवून दिले.

पहिली मार्चमधली. अँड्रेस फ्रॉइंड नावाचा एक तंत्रज्ञ डेबियनचे ते अनस्टेबल फडताळ चालवून पाहत होता. दुसऱ्या संगणकावर दूरस्थ प्रवेश करताना नेहमीपेक्षा अर्धा सेकंद उशीर होतो, असे त्याच्या लक्षात आले. अर्धा सेकंद! आपण डोळे चोळून पुढे गेलो असतो. त्याने त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढला आणि तो ‘एक्सझेड’ नावाच्या एका लहानशा सॉफ्टवेअरपाशी पोचला. त्यात कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. टोपणनावाने वावरणाऱ्या त्या व्यक्तीने दोनेक वर्षे सरळ काम करून विश्वास संपादन केला होता आणि मग डाव साधला होता. २९ मार्च रोजी फ्रॉइंडने ते सारे जाहीर केले. चोरदरवाजा कच्च्या फडताळात पोचला होता, डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत पोचला नव्हता. तो तिथे पोचला असता तर जगभरातल्या असंख्य संगणकांच्या किल्ल्या कुणाच्या हाती गेल्या असत्या याचा विचारही नको. इथे चारही कायदे कामी आले. माल कच्चा आहे हे ठाऊक होते, आतले उघडून पाहता येत होते, तक्रार चारचौघांत झाली, आणि ‘छापा’ हा शेरा अजून पडलेला नव्हता.

दुसरी घटना १९ जुलैची. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीने आपल्या विंडोज ग्राहकांकडे एक लहानशी फाइल धाडली. आज्ञावली २१ रकान्यांची अपेक्षा करत होती, तिला २० च मिळाले. हे पकडण्यासाठी जी तपासणी होती तिच्यातच खोट होती. फाइल आधी शंभर संगणकांवर, मग हजारांवर, अशी टप्प्याटप्प्याने न जाता एकदम सगळीकडे गेली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख संगणक निळे पडले. कंपनीने ७८ मिनिटांत ती फाइल मागे घेतली, पण आडवे झालेले संगणक एकेक करून हातांनी उठवावे लागले. जगभर विमाने खोळंबली. आपल्या हैदराबादच्या विमानतळावर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास मिळाले. त्या ८५ लाख संगणकांच्या मालकांना आपण प्रूफ वाचत आहोत हे ठाऊकही नव्हते. पक्क्या मालाचे पक्के बिल त्यांनी भरलेले होते.

कुणी म्हणेल, एक्सझेडच्या गोष्टीत तुमच्या मुक्त सॉफ्टवेअरची अब्रूही गेलीच की. गेली, आणि मी ती झाकणार नाही. ज्या सॉफ्टवेअरवर एवढे जग उभे होते ते एक थकलेला स्वयंसेवक फुकट सांभाळत होता, आणि त्याच्या थकव्याचाच फायदा घेतला गेला. त्या सॉफ्टवेअरवर पैसा मिळवणाऱ्या कंपन्यांपैकी कितींनी त्याची विचारपूस केली होती? शिवाय गंमत अशी की, चोरदरवाजा शोधणारा फ्रॉइंड नोकरीला होता मायक्रोसॉफ्टमध्ये. कंपन्यांत काम करणारी माणसे वाईट असतात असे माझे म्हणणे कधीच नव्हते. त्याच माणसाला उघडे हस्तलिखित मिळाले तेव्हा त्याने काय केले ते पाहा, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरा आक्षेप असा की, जीपीएलमध्येही ‘हमी नाही’ असे लिहिलेले असतेच. असते. फुकट जेवू घालणारा म्हणतो, ‘मिठाचे मी सांगत नाही, चुलीपाशी या, चाखून बघा, हवे तर घाला.’ दाम घेणारा खानावळवालाही म्हणतो, ‘मिठाचे मी सांगत नाही’, आणि वर स्वयंपाकघराला कुलूप लावतो. दोघांची वाक्ये सारखी आहेत म्हणून दोघांचा व्यवहार सारखा होत नाही.

तिसरा आक्षेप नेहमीचा. ‘एवढे काय त्यात? संगणक बंद पडतो, पुन्हा सुरू करायचा.’ या मंडळींनी ब्रिटनच्या टपाल खात्याची हकिकत जरूर समजून घ्यावी. तिथे १९९९ पासून फुजित्सू कंपनीची ‘होरायझन’ ही हिशेबाची यंत्रणा बसवली गेली. लहान टपाल कचेऱ्यांच्या हिशेबात तूट दिसू लागली. यंत्र चुकत नाही, तेव्हा माणूसच चोर, असे ठरले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक पोस्टमास्तर अफरातफरीच्या, खोट्या हिशेबाच्या गुन्ह्यांत दोषी ठरले. काही तुरुंगात गेले, काहींची घरेदारे गेली, काहींनी जीव दिला. तक्रार करणाऱ्याला सांगण्यात येई की, असे फक्त तुमच्याच बाबतीत होते आहे. यंत्रणेतल्या ज्ञात चुकांची नोंद कंपनीच्या आत होती. आरोपीच्या वकिलाच्या हाती ती नव्हती. डिसेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने यंत्रणेतल्या दोषांवर बोट ठेवले, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून या शिक्षा रद्द कराव्या लागल्या. तक्रारवही बंद ठेवण्याची किंमत ही असते. ‘असे फक्त तुमच्याच बाबतीत होते’ हे वाक्य बंद वहीच्या आडूनच बोलता येते.

आता आपल्या अंगणात येतो.

जुळणीचे एक सॉफ्टवेअर मी पूर्वी वापरत असे. कंपनीचे नाव सांगत नाही. तिच्या नव्या आवृत्तीचे पैसे भरले, ती बसवली, आणि ‘ऱ्ह’ मोडला. कुऱ्हाडे आडनावाच्या घरची लग्नपत्रिका ‘कुर्हाडे’ म्हणून निघाली. कंपनीला कळवले तर उत्तर आले, ‘पुढच्या आवृत्तीत होईल.’ पुढच्या आवृत्तीचे पैसे पुन्हा वेगळे. तुम्हीच पहिले तक्रार करणारे आहात, असेही मला ऐकवण्यात आले. माझ्याच जुळवलेल्या फायली त्या कंपनीच्या खासगी संकेतांत अडकलेल्या. दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या तर गारुड्याचे मंत्र दिसत. १९९० च्या दशकातले आपल्या भागातले किती दिवाळी अंक अशा फायलींत कायमचे कोंडले गेले असतील, याचा हिशेब कुणी मांडलेला नाही.

युनिकोड आल्यावर ती कोंडी फुटली. पण युनिकोडमध्येही मराठी आपोआप शहाणी झाली नाही. ‘आचाऱ्यांना बोलवा’ आणि ‘आचार्यांना बोलवा’ यांत लग्नघरी केवढा फरक पडतो हे आपल्याला कळते. कॅलिफोर्नियातल्या किंवा हेलसिंकीतल्या तंत्रज्ञाला ते कळण्याचे कारण नाही. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक मिळाला तो २००८ मध्ये. लिनक्सचे पडदे मराठीत आले, डेबियन बसवताना भाषांच्या यादीत आज ‘मराठी’ दिसते, ते स्वयंसेवकांच्या श्रमांमुळे. एका मुक्त फॉन्टमधल्या मोडक्या जोडाक्षराची तक्रार मीही कच्च्या आवृत्तीवर नोंदवली होती. तिच्याखाली अनोळखी माणसांनी प्रश्न विचारले, मी छापील नमुने दिले, आणि पक्की आवृत्ती आली तेव्हा ते अक्षर सरळ उभे होते. एकट्याची तक्रार होती. तिला मते मागावी लागली नाहीत.

वाचकहो, आपल्यासाठी सारा मुद्दा इथे आहे. जिथे तक्रारी मोजल्या जातात तिथे थोड्यांच्या भाषेची चूक नेहमीच बारीक ठरते. आणि आपण तर थोड्यांतलेही थोडे. बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवारच्या मराठी माणसाला संगणकावर पालक कोण? कर्नाटक सरकार कन्नडसाठी सॉफ्टवेअर करते, ते त्याचे कर्तव्यच आहे. महाराष्ट्र सरकारचे संगणकावरील मराठीचे आदेश शिनोळीपर्यंत येऊन थांबतात. कंपनीच्या बाजारपेठेच्या नकाशात आपण नाहीच. इंदूर, बडोदा, हैदराबादच्या मराठी माणसाचीही स्थिती याहून फार वेगळी नसावी. ज्याला पालक नाही त्याने स्वतःचे प्रूफ स्वतः वाचायला शिकले पाहिजे. आणि प्रूफ वाचायचे तर ते जिथे उघडे ठेवले आहे तिथेच गेले पाहिजे.

सरकारकडेही एक मागणी आहे. आयकर खात्याचे नवे संकेतस्थळ ७ जून २०२१ रोजी सुरू झाले. त्याआधी सहा दिवस जुने बंद ठेवले होते, म्हणजे मागे फिरायला वाटच नव्हती. नव्यावर लोकांना साधा प्रवेश मिळेना. ऑगस्टमध्ये अर्थमंत्र्यांना ते बनवणाऱ्या इन्फोसिसच्या प्रमुखांना बोलावून जाब विचारावा लागला, आणि विवरणपत्राची मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. करदाता हा काही हौशी चाचणीकार नव्हे. त्याला दंडाची भीती असते. जनतेच्या पैशातून घेतलेले प्रत्येक सॉफ्टवेअर आधी एखाद्या तालुक्यात चालवून पाहावे, तेवढे दिवस जुनी पद्धत शेजारी चालू ठेवावी, तक्रारवही सर्वांना वाचता येईल अशी ठेवावी, आणि आतली आज्ञावलीही खुली करावी. सातबारा असो, पहाणीपत्रक असो की शिधापत्रिका, ज्या यंत्राच्या चुकीने माणसाचे नाव पुसले जाऊ शकते त्या यंत्राचे हस्तलिखित पाहण्याचा हक्क त्या माणसाला असलाच पाहिजे.

आमच्या लिनक्सवाल्यांनाही दोन शब्द. नवख्याने भीतभीत चूक दाखवली की ‘मॅन्युअल वाचा’ म्हणून त्याला झटकणे, किंवा ‘आज्ञावली उघडी आहे, करा दुरुस्त’ असे खिजवणे, ही आपली जुनी खोड आहे. सुवाच्य हस्ताक्षरात समासात खूण करणाऱ्या मास्तरांना आज्ञावली लिहिता येत नाही म्हणून त्यांची खूण खोटी ठरत नाही. दार उघडे ठेवून उंबऱ्यावर कुत्रा बांधला तर ते दार बंदच म्हणायचे.

आणि जो वाचक म्हणेल, ‘मला यातले काही कळत नाही’, त्याच्यासाठी काम अगदी सोपे आहे. या दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या एखाद्या जुन्या, अडगळीत पडलेल्या संगणकावर लिनक्सची येऊ घातलेली आवृत्ती बसवा. महत्त्वाच्या फायली त्यावर ठेवू नका. माल कच्चा आहे. मराठी कळफलक निवडा आणि ‘आचाऱ्यांना’, ‘आचार्यांना’, ‘दऱ्या’, ‘दर्या’, ‘कुऱ्हाड’, ‘ॲडव्होकेट’ एवढे सहा शब्द उमटवून पाहा. आपले आडनाव, आपल्या गावाचे नाव उमटवून पाहा. एखादे अक्षर मोडले तर तक्रारवहीत नोंद करा: आवृत्ती अमुक, शब्द तमुक, उमटले असे, हवे होते तसे. आपण शुद्धिपत्रात लिहितो तितकेच. ‘छापा’ हा शेरा पडण्याआधी ते लिहून झाले पाहिजे.